उजळली की फिकी पडली?

"उजळली वो पोरगी!" यवतमाळकडच्या आमच्या गावात ओट्यावर बसलेल्या बाया कौतुकानं म्हणतात. बारावी झाल्यापासून ती वावरात जात नाही. कापूस वेचणं बंद, ऊन बंद. रीलमधल्या पोरींसारखं बारीक व्हायचं म्हणून रात्रीची भाकरीही बंद, नुसता कपभर चहा. गालाचा सावळेपणा उतरलाय खरा. पण ती गोरी झाली की फिकी पडली?

गोरेपणा हा कातडीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा मामला. उन्हात ते वाढतं, सावलीत थोडं उतरतं. फिकेपणा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. गरोदर नसलेल्या बाईचं ते 100 मिलिलिटर रक्तामागे 12 ग्रॅमच्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे आपलं 'रक्त कमी'. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बाया त्यात निघाल्या. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची भर वेगळीच.

गाल पाहून हा फरक कळत नाही. काळ्या अंगावर फिकेपणा राखेसारखा दिसतो, गव्हाळ अंगावर चक्क गोरा! म्हणून आशाताई, म्हणजे गावची आशा स्वयंसेविका, गालाकडे बघतच नाही. "वर पाह्य" म्हणते आणि बोटानं खालची पापणी ओढते. आतली कड लालगुलाबी हवी. मग जीभ, नखं, तळहात. तिथं मेलॅनिन कमी, त्यामुळे पोरगी काळी असो की गोरी, रक्त तेवढं लपत नाही. नक्की आकडा मात्र तपासणीतच कळतो.

हा घोळ डोक्यात भरवला टीव्हीनं, असं मी तरी म्हणते. (पाहण्याच्या कार्यक्रमात गोरी पोरगी आधीही लागायचीच, तेवढं कबूल.) फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली. जाहिरातीत चेहरा पायरीपायरीनं उजळायचा, मागोमाग नोकरी नाहीतर नवरा मिळायचा. 2020 मध्ये नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. ओट्यावरची मोजपट्टी तीच. फोनचा फिल्टर तर आणखी बेरकी. गाल गोरे करतो आणि ओठ गुलाबी रंगवतो, म्हणजे रक्त कमी असल्याची खूणच पुसून टाकतो.

त्या पोरीची पापणी ओढली तेव्हा आतली कड सरकी काढलेल्या कापसासारखी होती. हिमोग्लोबिन 8.4. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, संडास काळी होईल, भिऊ नको, असं आशाताईनं सगळं समजावलं.

पोरीनं एकच विचारलं, "ताई, यानं रंग तं काळा नाही होत ना?"