अकरा महिन्यांत घराला ‘कूळ’ लागत नाही

रत्नागिरी-मालवणकडे अजून ऐकू येतं: भाड्याने राहून ११ महिने उलटले की कूळ लागतं, म्हणजे राहणाऱ्याचा घरावर हक्क बसतो, मग मालक काढूच शकत नाही. साफ चूक. कूळकायदा शेतजमिनीचा. घराच्या लिव्ह अँड लायसन्सला (ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याच्या कराराला) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो. मुदत संपली की करार पुढे वाढवणं मालकाच्या मर्जीवर; हटून राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याने भरपाई. पण त्यालाही परस्पर कुलूप ठोकून तुमची भांडीकुंडी अंगणात टाकता येत नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा लागतो.

आणि ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी नको, ही आणखी एक थाप! कलम ५५ नुसार नोंदणी करणं मालकाची जबाबदारी. लेखी, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात.