सुधाकरानं झोकांड्या कुठं खाव्यात?

बेळगाव-खानापूरकडच्या गावांत जत्रेचं नाटक बसायला लागलं की दारुड्याचं काम सगळ्यांना सोपं वाटतं. टोपी तिरकी, जीभ जड, पाय वाकडे, की हशा ठरलेला. 'एकच प्याला'तला सुधाकर मात्र या मापात बसत नाही. पाचही अंक तो झुलतच राहिला, तर शेवटच्या अंकात रडायच्या जागी लोक हसतात.

राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. व्यसनाला आजार म्हणायची तेव्हा रीत नव्हती. तरी सुधाकराची घसरण आजच्या व्यसनशास्त्राशी ताडून पाहावी, इतकी बारकाईनं लिहिलेली आहे.

तिची सुरुवात अपमानातून होते. हुशार, मानी वकील. भर कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते आणि तळीराम पेला पुढं करतो. सुधाकर पितो ते मजेसाठी नाही, सल बोथट करायला. मजा दुसरीकडंही मिळते; सल बोथट करायला पिणाऱ्याचा मेंदू मात्र एकच धडा गिरवतो: टोचलं की पेला. मानसशास्त्रात याला 'नकारात्मक प्रबलन' म्हणतात. नाव अवजड आहे, पण डोकं दुखलं की गोळी शोधणारा हात तेच शिकलेला असतो.

झोकांड्या खायच्या त्या सुरुवातीच्या अंकांत. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर दारू चढली की नवख्याचे पाय अडखळतात. रोज पिणाऱ्याचं तसं नसतं. दारू मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचं काम वाढवते, म्हणून मेंदू उलट बाजूनं उत्तेजना चढवून ठेवतो. तेवढीच दारू पोटात असून माणूस बऱ्यापैकी सरळ चालतो. ती उतरली की नुसती उत्तेजना मागं राहते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, भांडं पडलं तरी दचकायला होतं. म्हणजे पुढच्या अंकांतला सुधाकर पिण्याआधी जास्त बिघडलेला आणि प्यायल्यावर काही वेळानं सावरलेला दिसायला हवा. बहुतेक नट नेमकं उलटं करतात.

ही थरथर मैदानातल्या मागच्या माणसाला दिसत नाही, ती ऐकवावी लागते. बाटलीचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवून ओतलं की काच किणकिणते आणि जवळचा माइक ते नेमकं पकडतो. पेला काचेचाच हवा, प्लॅस्टिकचा मुका राहतो. कोरा चहा पाऊण पेलाच घ्यावा. काठोकाठ भरला तर सांडतो आणि लोक सांडण्याला हसतात. पेला दोन्ही हातांनी धरावा आणि तोंड पेल्याकडं न्यावं.

मधे सुधाकर दारू सोडतो. रोजची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची असते. गडकरी तिकडं वळत नाहीत. त्यांना पुढचं हवं आहे: सुधाकर काम मागायला जातो, हेटाळणी पदरात घेऊन येतो आणि पुन्हा पेला उचलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी पुन्हा पिऊ लागलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा नुसत्या तलफेपेक्षा राग, नैराश्य, भांडण आणि लोकांचा आग्रह हीच कारणं ठळकपणे पुढं आली. घसरल्यावर माणूस 'एकदा चुकलो' म्हणत नाही, 'मी आहेच असा' म्हणतो, आणि मग थांबायला कारणच उरत नाही. म्हणून इथं नटानं रडत पिऊ नये. पेला उचलेपर्यंत राग, आणि पहिल्या घोटानंतर भीती वाटावी इतकी शांतता. स्वतःविरुद्धचा निकाल त्यानं मान्य केलेला असतो.

पाचव्या अंकात त्याच्या फटक्यानं तान्हं मूल जातं. दारूत लक्ष आकसतं. समोरची चीड तेवढी दिसते, पलीकडचं बाळ दिसत नाही. त्यामुळं नटानं त्या क्षणी बाळाकडं बघूसुद्धा नये.

मग विष घातलेला शेवटचा पेला. त्याआधी एक पेला रिचवलेला दाखवला, तर हात स्थिर असणं शास्त्राला धरूनच आहे. हा पेला ओतताना काच वाजू देऊ नये.