माथेरानच्या मातीच्या वाटा: पेव्हरच्या वादामागची पार्श्वभूमी

माथेरानच्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक, म्हणजे फरशीसारखे जोडून बसवायचे ठोकळे, घालावेत की नाही, हा इथला वाद आहे. तो समजायला वाटांपासून सुरुवात करावी लागते. १८५० साली ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून वर आला आणि पुढे माथेरान वसलं, ही गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. तो चढला त्या डोंगरात वाटा आधीपासून होत्या. पायथ्याच्या वाड्यांतल्या माणसांच्या पायांनी त्या पाडलेल्या होत्या. पॉइंटांकडे जाणारे रस्ते नंतर झाले, तेही पायी चालणारा, घोडा आणि हातरिक्षा एवढंच गृहीत धरून. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली, तरी गावातलं चालणं तसंच राहिलं.

इथली जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात टापांखाली तिची लाल धूळ होते आणि पहिल्या मोठ्या पावसात ती वाहून जाते. वाट सरळ उताराला लागलेली असेल तर पाणी तिचाच ओहोळ करतं. माती गेली की गोटे उघडे पडतात, झाडांची मुळं वर येतात. मग लोक कडेने चालतात, वाट रुंदावते आणि पाण्याला आणखी मोकळं रान मिळतं. यावरचा उपाय जुनाच आहे. वाटेला आडवे दगड बसवायचे, त्यांच्या वरच्या अंगाला तिरका चर काढायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर पाणी वाटेबाहेर सोडायचं. हे चर मृगाआधी उपसावे लागतात, कारण वर्षभराचा पाचोळा आणि लीद त्यात साचलेली असते. एक चर तुंबला की त्याचं पाणी खालच्यावर येतं आणि तोही फुटतो. हे फावडं-घमेल्याचं काम दरवर्षी करावं लागतं. त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून निधीच्या यादीत ते मागे पडतं. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

२००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आणि मोटारबंदीला कायद्याचं बळ मिळालं. त्यानंतरच्या काळात धूप थांबवण्यासाठी पेव्हर ब्लॉक बसवायचा विचार जोर धरू लागला. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. धुळीने गावकरी हैराण होते, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून वर आणणं कठीण होतं आणि माणसाने माणसाला ओढत न्यायची हातरिक्षा लाजिरवाणी होती. ई-रिक्षा हवी तर सपाट, टणक पृष्ठभागही हवा, म्हणून दोन्ही मागण्या एकमेकींत गुंतल्या. घोडेवाल्यांचा विरोधही तितकाच खरा होता. नाल ठोकलेला घोडा ओल्या ब्लॉकवरून उतरताना मागचा पाय सरकला की स्वाराचं वजन घेऊनच खाली बसतो. मातीत तोच खूर रुततो आणि धरून राहतो. शिवाय ब्लॉक मातीचे म्हणायचे की सिमेंटचे, यावरही तंटा झाला आणि तांत्रिक तज्ज्ञांचं मत मागवावं लागलं.

ब्लॉकने धूप थांबते हे मला कधीच पटलं नाही. ब्लॉकवरून पाणी उलट वेगाने धावतं आणि कडेच्या मातीवर तुटून पडतं. गटार नीट नसेल तर ब्लॉकखालची वाळूच निघून जाते आणि ओळी खचतात. म्हणजे पाण्याला वाट काढून देण्याचं काम काही केल्या चुकत नाही.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षांच्या प्रायोगिक वापराला परवानगी दिली. २०२३ च्या सुरुवातीला पेव्हर बसवायला स्थगिती आली. ऑगस्ट २०२५ च्या निकालाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा एवढ्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकला मुभा दिली, गावातले आतले रस्ते आणि पॉइंटांकडच्या पायवाटा मात्र त्यातून वगळल्या. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायलाही सांगितलं. निकाल दोन्ही बाजूंना थोडं थोडं देणारा आहे आणि वाटांपुरता तो योग्यच आहे.

मातीच्या ठरलेल्या या वाटांची देखभाल मात्र अजून लटकलेली आहे. एकच वाट काही अंतर गावाच्या हद्दीतून आणि पुढे वनहद्दीतून जाते. चर हद्द ओळखत नाही. वरचा उपसला आणि खालचा राहिला, तर वरचं सगळं पाणी खालच्या वाटेवर येतं. मेअखेरीस नगरपरिषद आणि वनखातं या दोन्ही यंत्रणांनी एकाच वेळी मजूर लावले, तरच त्या पावसात वाट टिकेल.