राखेतलं जर्मेनियम ते डब्यातलं मिथेन : कोळशाच्या भूरसायनशास्त्राची पार्श्वभूमी

कोळशात कोणती मूलद्रव्यं आणि वायू किती व कसे अडकलेले असतात हे कोळशाचं भूरसायनशास्त्र पाहतं. या क्षेत्रात कोळसा, त्यात अडकलेला वायू आणि धातूंचे साठे या तिन्हींवर एकच संशोधक आयुष्यभर काम करताना दिसतो; याचं मूळ कोळशाच्या राखेत आहे. जर्मेनियम या मूलद्रव्याचा शोध १८८६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलर यांनी चांदीच्या एका खनिजात लावला. पुढे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला भूरसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर गोल्डश्मिट यांना तेच मूलद्रव्य दगडी कोळशाच्या राखेत भरपूर सापडलं. दलदलीत कुजणारा पाला पाण्यातली मूलद्रव्यं धरून ठेवतो हे त्यातून पुढे आलं, आणि कोळशाच्या थराकडे धातूचा साठा म्हणूनही पाहिलं जाऊ लागलं. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटात युरेनियमयुक्त लिग्नाइट (कमी प्रतीचा तपकिरी कोळसा) जाळून त्याची राख युरेनियमसाठी वापरली गेली. चीनमधल्या लिनचांगचं लिग्नाइट आजही जर्मेनियमसाठी काढतात.

सुरुवातीचा सगळा भर कोळशात एखादं मूलद्रव्य ‘किती आहे’ यावर होता. हिशोब सोपा दिसतो : कोळशात १० टक्के राख आणि राखेत टनामागे ५०० ग्रॅम जर्मेनियम, म्हणजे मूळ कोळशात टनामागे ५० ग्रॅम. पण जाळताना मूलद्रव्य उडून जात नसेल तरच हा गुणाकार खरा. प्रमाणित पद्धतीत राख ७५० किंवा ८१५ अंश सेल्सिअसला करतात, आणि पारा त्याआधीच निघून गेलेला असतो. सेलेनियमही बरंच जातं. म्हणून पारा थेट कोळशातच मोजायचा. खनिजं पाहायची असतील तर १९६०च्या दशकात रुळलेली कमी तापमानाची राख करायची. ऑक्सिजनच्या प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) २०० अंशांच्या खाली कोळसा हळूहळू जळतो; मधूनमधून भुकटी ढवळावी लागते आणि काम कित्येक दिवस चालतं. पण चिकणमातीची खनिजं आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) जसेच्या तसे हाती लागतात.

चुका त्याआधी, दळतानाही होतात. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात दळलं की टंगस्टन आणि कोबाल्ट वाढतात, पोलादाच्या भांड्यात लोह आणि क्रोमियम. पुढे हायड्रोफ्लोरिक आम्लात राख विरघळवताना दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लँथॅनम, सेरियम वगैरे धातू) अविद्राव्य फ्लोराइड होऊन तळाशी बसतात आणि झिरकॉन हे चिवट खनिज धड विरघळतच नाही. अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणाऱ्या आयसीपी-एमएस यंत्रात आर्गॉन आणि क्लोरीन एकत्र येऊन वस्तुमान ७५ भरतं, आर्सेनिकचंही तेवढंच. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलेलं असेल तर नसलेलं आर्सेनिक दिसतं. आमच्या मते जुन्या तक्त्यांतले आकडे वाचताना आधी नमुन्याची तयारी कशी केली होती ते पाहावं, मग आकडा.

‘कशात आहे’ हा प्रश्न प्रदूषणाने पुढे आणला. चीनच्या ग्वेइझोउ प्रांतात आर्सेनिक असलेला कोळसा घरात उघड्यावर जाळल्याने माणसांना विषबाधा झाली. आर्सेनिक पायराइटमध्ये असेल तर कोळसा धुऊन त्यातलं बरंचसं काढता येतं, सेंद्रिय भागाशी बांधलेलं असेल तर धुण्याचा फारसा उपयोग नाही. एकूण आकडा दोन्हीकडे एकच असू शकतो!

वायूची वाट खाणीतल्या स्फोटांच्या भीतीतून निघाली. मिथेन कोळशाच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं; दाबाप्रमाणे ते किती चिकटेल हे रसायनशास्त्रज्ञ लँगम्युर यांच्या १९१८ च्या समीकरणाने मांडतात. प्रत्यक्ष मोजणीची पद्धत १९७०च्या दशकात फ्रान्स आणि अमेरिकेत बसली. छिद्रण करून काढलेला कोळशाचा दंडगोल म्हणजे गाभा; त्याचा तुकडा वर येताच सीलबंद डब्यात घालतात, डबा थराच्या तापमानाला ठेवतात आणि सुटणारा वायू मोजत राहतात. पहिल्या काही तासांत सुटलेल्या वायूचा आलेख वेळेच्या वर्गमुळासमोर काढला की सरळ रेष येते. ती शून्य वेळेपर्यंत, म्हणजे वायू सुटू लागल्याच्या क्षणापर्यंत, मागे ओढली की डब्यात जाण्याआधी निसटलेला वायू कळतो. पाण्याने छिद्रण केलं असेल तर शून्य वेळ गाभा अर्ध्या उंचीवर आल्याची धरतात. गाभा वर यायला उशीर झाला की अंदाजाचा वाटा मोजणीपेक्षा जड होतो. शेवटी तुकडा बंद चक्कीत दळून उरलेला वायू मोजतात. डब्यात हवा राहिली तर कोळसा तिच्यातला ऑक्सिजन खातो आणि वायू कमी भरतो, म्हणून रिकामी जागा हेलियमने भरून घ्यावी.

हा वायू उष्णतेने बनला की जिवाणूंनी, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून, ओळखतात. हे प्रमाण एका ठरलेल्या मानकाशी ताडून हजारात किती फरक आहे तसं सांगतात; आकडा जितका उणे, तितका वायू हलका. जिवाणूंचं मिथेन सहसा उणे ५५ ते ६० सहस्रांशापेक्षा हलकं असतं. अमेरिकेच्या सॅन वान खोऱ्यात जुन्या, उष्णतेने बनलेल्या वायूत पावसाच्या पाण्याबरोबर आत गेलेल्या जिवाणूंनी नंतर तयार केलेला वायू मिसळल्याचं १९९०च्या दशकात दाखवलं गेलं. पण डब्यातून हलकं मिथेन आधी सुटतं, जड नंतर. पहिल्याच दिवशी भरलेली एक कुपी तपासली तर उष्णतेचा वायूसुद्धा जिवाणूंकडे झुकलेला दिसतो. कुप्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भराव्यात, आणि प्रत्येकीवर तोवर सुटलेल्या वायूचं घनफळ लिहावं.