थरारपटाचा प्रारंभ (विद्यार्थी चित्रीकरण)

थरारपटाचा प्रारंभ : थरारपटाची पहिली दोन-तीन मिनिटे श्रेयनामावलीसह स्वतंत्रपणे आखून चित्रित करण्याचा विद्यार्थ्यांचा सराव. यात पूर्ण कथा सांगायची नसते. काहीतरी विपरीत घडणार हे प्रेक्षकाला जाणवावे, पण काय ते कळू नये, एवढेच साधायचे असते. जनसंज्ञापनाच्या वर्गांत आणि महाविद्यालयीन लघुपट गटांत हा सराव प्रचलित आहे. सोलापुरात तो मुख्यतः मोबाईलवर केला जातो.

उगम : या सरावाच्या उगमाबाबत तीन मते मांडता येतात. पहिले मत त्याचा संबंध चित्रपट-प्रशिक्षण संस्थांतील सलगतेच्या, म्हणजे कंटिन्युटीच्या, सरावाशी जोडते. पुण्यात १९६० मध्ये स्थापन झालेली फिल्म इन्स्टिट्यूट धरून अशा संस्थांत मोजक्या पात्रांचा, एकाच जागी घडणारा छोटा प्रसंग सलग वाटेल असा चित्रित करायला लावण्याची रीत जुनी आहे. दुसरे मत ब्रिटनमधील शालेय माध्यम-अभ्यासाकडे बोट दाखवते. तेथील ओसीआर या परीक्षा मंडळाने साधारण २००८ पासून ‘नव्या कथाचित्रपटाची श्रेयनामावली व प्रारंभ, कमाल दोन मिनिटे’ असे काम नेमले होते. त्याआधी एक पूर्वसराव असे : पात्र दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसते आणि दोघांत एक-दोन वाक्ये होतात. एका शॉटमध्ये सुरू झालेली हालचाल पुढच्या शॉटमध्ये विनाखंड चालू ठेवणे, समोरासमोरचे शॉट आणि १८० अंशांचा नियम (दोन पात्रांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवणे) या तीन गोष्टी त्यात तपासल्या जात. तिसरे मत नाट्यशास्त्राचा आधार घेते. भरतप्रणीत पाच संधींपैकी, म्हणजे कथानकाच्या टप्प्यांपैकी, पहिल्या मुखसंधीत ‘बीज’ पेरले जाते. ते आरंभी अल्प असते आणि पुढे अनेक दिशांनी पसरते. नाट्यशास्त्राचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान धरतात, काहींच्या मते तो आणखी अलीकडचा आहे. बीजाची कल्पना थरारपटाला चपखल बसते, यात शंका नाही. परंतु साम्य म्हणजे परंपरा असे म्हणता येणार नाही. दोन मिनिटांची मर्यादा, श्रेयनामावलीची सक्ती आणि चित्र व ध्वनी स्वतःच निर्माण करण्याची अट या तिन्ही बाबी एकत्र पाहिल्या, तर आजच्या रूपापुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या मताचा वाटा सलगतेच्या शिस्तीपुरता मानावा.

श्रेयनामावली दृश्यावर यावी की वेगळी, हाही जुना वाद आहे. अमेरिकी आरेखक सॉल बास यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून नामावलीलाच स्वतंत्र आरेखित प्रसंगाचे रूप दिले. याउलट दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटात गाडीत ठेवलेल्या बाँबच्या लांबलचक शॉटवरच नावे छापली होती. १९९८ मध्ये वेल्स यांच्या टिपणानुसार केलेल्या पुनर्संकलनात ती आणि त्यांवरचे संगीत काढून टाकण्यात आले. विद्यार्थ्यांनी यातून घ्यायचे ते इतकेच : नावे दृश्यावर येणार असतील, तर चौकटीचा एक तृतीयांश भाग चित्रीकरणाच्या वेळीच मोकळा ठेवावा. संकलनाच्या टेबलावर ती जागा नव्याने निर्माण करता येत नाही.

नियोजन : दोन मिनिटांसाठी साधारण २५ ते ४० शॉट लागतात. कथासूत्र तीन ओळींत मावले नाही, तर ते प्रारंभाचे नसून अख्ख्या चित्रपटाचे आहे असे समजावे. शॉटची यादी व स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटचे रेखाचित्र) झाल्यावर त्या चित्रांचेच फोटो काढून, ठरलेल्या सेकंदांनुसार ओळीने लावून, खाली तात्पुरता आवाज घालून एकदा पाहतात. या कच्च्या पट्टीत जो शॉट अनावश्यक दिसतो, तो चित्रित करायचाच नाही. हा टप्पा हटकून वगळला जातो आणि नंतर त्याची किंमत मोजावी लागते.

सोलापुरात वेळेचे गणित प्रकाशावर ठरते. डिसेंबरअखेर सूर्य ६ च्या सुमारास मावळतो, मेअखेर ७ च्या जरा आधी. त्यानंतरचा वापरण्याजोगा संधिप्रकाश २० ते २५ मिनिटेच टिकतो. कॅमेऱ्याची जागा बदलून नवा शॉट लावायला ८-१० मिनिटे जातात, म्हणजे एका संध्याकाळी दोन, फार तर तीन शॉट होतात. ‘संध्याकाळी १२ शॉट’ अशी आखणी केली की पहिल्या शॉटमध्ये आकाश केशरी, सहाव्यात निळे आणि शेवटी काळे दिसते. उपाय सोपा आहे : आकाश दिसणारे दूरचे शॉट तेवढे संधिप्रकाशात घ्यावेत, चेहऱ्याचे व हातांचे जवळचे शॉट नंतर भिंतीलगत दिव्याच्या उजेडात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो. उन्हात धरलेला मोबाईल तापून पडदा मंद होतो आणि मुद्रण (रेकॉर्डिंग) मध्येच थांबते. या महिन्यांत सकाळी ९ च्या आत काम उरकावे व मोबाईलवर छत्री धरावी. मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान व सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात स्वच्छ ध्वनी मिळणे जवळजवळ अशक्य असते.

स्थळे : भुईकोट किल्ला सर्वांना सुचतो, पण तो केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तेथे तिपाई लावायची तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो, त्यामुळे रात्रीचा प्रसंग तेथे होत नाही. रेल्वे स्थानकावर रेल्वेची परवानगी हवी. रुळांवर उतरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. रस्त्यावर खोटा सुरा किंवा पिस्तूल दिसणार असेल, तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे. जुन्या पेठांतील वाड्यांचे जिने आणि पूर्व भागातील यंत्रमागांचे पत्र्याचे शेड या सरावाला अधिक सोयीचे ठरतात. तेथे मालकाची संमती पुरते आणि आवाज आयता मिळतो. पूर्व भागात पलीकडच्या खोलीतून येणारे तेलुगू बोलणे अर्धवट ऐकू आले, तर जागा कोणती ते वेगळे सांगावे लागत नाही.

पात्राच्या वेशाबद्दलही एक सूचना करावीशी वाटते. डोक्यावर हुडी ओढलेला पाठलागकर्ता परदेशी नमुन्यांवरून उचललेला असतो. सोलापूरच्या उन्हात तो भीतीऐवजी हसू आणतो. डिसेंबरच्या पहाटे चादर पांघरून चाललेला माणूस येथे रोजचा आहे. कॅमेरा त्याच्यावर दोन सेकंद जास्त रेंगाळला, तरी काम होते.

नमुना आखणी : यंत्रमागाच्या शेडमध्ये घडणारा पुढील प्रारंभ आठ शॉटचा, अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक, असा छोटा आहे. (१) बाहेरून शेड, सगळ्या मागांचा खडखडाट, ८ सेकंद. (२) मुलीचा हात एकेक माग बंद करतो आणि आवाजाचे थर उतरत जातात, ६ सेकंद. (३) ती डब्याची पिशवी उचलते, ४ सेकंद. (४) दार ओढते, ३ सेकंद. (५) बाहेरून कडी व कुलूप, पूर्ण शांतता, ५ सेकंद. (६) तिचा चेहरा. आत एक माग सुरू होतो, ४ सेकंद. (७) दाराच्या फटीतून केवळ अंधार, ३ सेकंद. (८) काळा पडदा, शीर्षक, माग चालूच.

यात सुरू झालेला माग कधीच दिसत नाही, हे मर्म आहे. त्यामुळे अंधारात चालत्या यंत्राजवळ जावे लागत नाही आणि आत दिवे लावण्याचा प्रश्नही मिटतो. दुसऱ्या शॉटपुरते माग प्रत्यक्षात मालकाच्या माणसाने हाताळावेत, मुलीचा हात केवळ अभिनयापुरता. ओढणी, सैल बाह्या व मोकळे केस पट्ट्याजवळ नेऊ नयेत. दार ओढण्याची क्रिया आतून व बाहेरून अशी दोन्हीकडून पूर्ण चित्रित करावी, म्हणजे हालचाल अर्ध्यावर असताना काप घेता येतो. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे सातव्यानंतर सावलीचा एक शॉट जोडणे. सावली दिसली की प्रश्नाचे उत्तर मिळते आणि प्रारंभ तेथेच संपतो.

छायाचित्रण : शेडमधील ट्यूबलाईटखाली मोबाईलच्या चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे येतात. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तीव्र होतो. मोबाईल मात्र आपणहून सेकंदाला ३० चौकटी आणि १/६० किंवा १/१२० सेकंदाचा शटर (प्रत्येक चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ) धरतो, त्यामुळे दोहोंचा मेळ बसत नाही. मॅन्युअल पर्यायात जाऊन २५ चौकटी व १/५० शटर ठेवावा, उजेड जास्त असेल तर १/१००. काही स्वस्त एलईडी दिव्यांवर हाही उपाय चालत नाही, म्हणून १० सेकंदांची चाचणी घेऊनच दिवा निवडावा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० च्या वर गेला की अंधारात दाणे दिसू लागतात. खोली अंधारी दाखवायची म्हणून दिवेच न लावणे ही चूक होय : एक दिवा बाजूने किंवा मागून लावून बाकी चौकट काळी सोडली, तरच अंधार दिसतो. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण) व व्हाईट बॅलन्स (रंगांचा तोल) प्रत्येक शॉटआधी पक्के करावेत. नाहीतर पात्र दाराकडे वळताच चित्र आपोआप उजळते.

ध्वनी : चालत्या मागांजवळ पातळी ९० डेसिबलच्या वर जाते व मोबाईलचा माईक फाटका आवाज देतो. माग शेडच्या बाहेरून, भिंतीआडून मुद्रित करावेत. मुद्रणाच्या मापकावर आवाजाची शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील असे पाहावे. प्रत्येक जागेचा नुसता वातावरण-ध्वनी किमान ३० सेकंद घ्यावा. तो नसला की संवादांच्या मध्ये पोकळ खड्डे पडतात, आणि पाचव्या शॉटमधील शांतता ध्वनी तुटल्यासारखी वाटते. कुलूप, कडी, पावले हे आवाज नंतर शांत खोलीत २०-३० सेंटिमीटरवरून वेगळे घेतात.

संकलन व नामावली : निर्मितीसंस्था, प्रमुख कलाकार, शीर्षक, तंत्रज्ञ आणि शेवटी दिग्दर्शक हा क्रम रूढ आहे. प्रत्येक नाव सावकाश दोनदा वाचता येईल इतके, म्हणजे सुमारे ३ सेकंद, ठेवतात. देवनागरीत खास अडचणी येतात. थरारपटाच्या इंग्रजी नामावलीत अक्षरांमधले अंतर वाढवण्याची लकब आहे. देवनागरीत तसे केले की शिरोरेघा तुटतात. अक्षरे एकेक करून उमटवण्याच्या तयार परिणामांत वेलांट्या व मात्रा अक्षरापासून सुट्या होतात, म्हणून संपूर्ण शब्द एकदम उमटवावा. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे हलन्त दिसतात. हे जमत नसल्यास नामावली अन्यत्र टंकून पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रांच्या रूपात आणावी.