ट्रे परत पाठवायचा हक्क कुणाचा?

वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या काजू कारखान्यांत ड्रायरची चूक सगळ्यांत आधी कळते ती सोलायला बसलेल्या बाईच्या बोटांना. काजूगर ट्रेमध्ये ठेवून साधारण 60-70 अंश सेल्सिअसला सहा-आठ तास सुकवतात. ओलावा राहिला तर तांबडी साल सुटत नाही, सुरी लावावी लागते, गरावर ओरखडे येतात. फार सुकला तर हात लावताच पाकळी होते, आणि पाकळीला अख्ख्या गराचा भाव मिळत नाही.

पण तापमान ठरवतो सुपरवायझर. त्यातून मजुरी किलोवर असली, तर उठून सांगायला जाणं म्हणजे स्वतःच्याच पैशांवर पाणी सोडणं. ती गप्प राहून सुरी चालवते.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक ग्रेचन स्प्राइट्झर यांनी 1995 मध्ये कामावरच्या सक्षमीकरणाचे चार पैलू मांडले : कामाला अर्थ वाटणं, ते जमतं ही खात्री, कसं करायचं हे ठरवण्याची मुभा आणि आपल्यामुळे काही बदलतं हा अनुभव. इथे पहिले दोन बहुधा असतात. अडतं ते पुढच्या दोघांवर.

‘खूश कामगार जास्त काम करतो’ हे मात्र जेमतेम खरं. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र केले, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.30 निघाला (1 म्हणजे पूर्ण मेळ). शून्य नाही, पण दिवाळीच्या मिठाईच्या पुड्याने अख्ख्या गराचा उतारा वाढेल एवढाही नाही.

त्यापेक्षा नियम ठरवावा. उदाहरणार्थ, ट्रेमधले दहा गर चोळून बघायचे. तिनाहून जास्त गरांची साल सुटली नाही, तर कुणाला न विचारता ट्रे ड्रायरकडे परत. थांबलेल्या वेळेची मजुरी तिच्या रोजच्या सरासरीने द्यायची, आणि ड्रायरमध्ये काय बदललं ते त्याच दिवशी तिला सांगायचं. मजुरीचा शब्द एकदा जरी मोडला, तरी पुन्हा कुणी ट्रे परत करणार नाही. मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांच्या 1995 च्या मांडणीत विश्वास तीन गोष्टींवर उभा राहतो : समोरच्याची क्षमता, आपल्याविषयीची आस्था आणि सचोटी. ड्रायर न कळणारा सुपरवायझर कितीही गोड बोलला तरी पहिल्याच पायरीवर घसरतो.

सुरुवातीला परत येणारे ट्रे वाढतील आणि मालक घाबरून नियम गुंडाळेल, हा खरा धोका. एमी एडमंडसन यांना 1996 च्या रुग्णालयांच्या अभ्यासात चांगल्या चमूंकडेच जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या. तिथे लोक चूक लपवत नसावेत, असा त्यांनी अर्थ लावला. म्हणून परत आलेले ट्रे मोजत बसू नये. एकाच लॉटच्या बियांतून अख्खा गर किती टक्के निघाला, ते वजन करून पाहावं. लॉट बदलला की तुलना फसते.