सानिया मिर्झाची टेनिस कारकीर्द (सीझनप्रमाणे)

सानिया मिर्झा ही भारताची व्यावसायिक टेनिसपटू, प्रो म्हणून २००३ ते २०२३ अशी वीस वर्षं खेळली. जन्म १५ नोव्हेंबर १९८६, मुंबई. पण वाढली हैदराबादला, तेव्हा आपण तिला मुंबईकर म्हणून मिरवण्यात फार अर्थ नाही. सहाव्या वर्षी रॅकेट हातात आली, तेव्हा तिथे हार्ड कोर्ट म्हणजे चैनच, सुरुवातीला शेणाने सारवलेल्या कोर्टवर खेळायचो असं तिने स्वतःच सांगितलंय. तिच्या करिअरचे सरळ दोन भाग पडतात, मनगट बरं होतं तोवर सिंगल्स आणि मनगट गेल्यावर डबल्स. लोकांना लक्षात राहतो पहिला, कप आहेत दुसऱ्यातले.

२००३ साली अलिसा क्लेबानोव्हाबरोबर विम्बल्डनचं मुलींचं डबल्स जिंकली. २००४ मध्ये हैदराबाद ओपनला लीझल ह्यूबरबरोबर डब्ल्यूटीएचं (महिलांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) पहिलं डबल्स टायटल.

खरा धमाका २००५. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत पोचली आणि समोर सेरेना विल्यम्स, १-६, ४-६ हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये जे फोरहँड मारले ते बघून देश एकदम जागा झाला. फेब्रुवारीत घरच्या हैदराबादला फायनलमध्ये अल्योना बोंडारेंकोला हरवून डब्ल्यूटीए सिंगल्स टायटल जिंकणारी पहिली भारतीय बाई झाली. मग दुबईत घोटा मुरगळलेला असताना, पट्टी बांधून, तेव्हाची यूएस ओपन चॅम्पियन स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला ६-४, ६-२ असं सरळ दोन सेटमध्ये घालवलं! यूएस ओपनला चौथी फेरी, तिथे शारापोव्हाने अडवलं. सिंगल्समध्ये ग्रँड स्लॅमला (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) चौथ्या फेरीच्या पुढे ती कधीच गेली नाही. वर्षअखेर डब्ल्यूटीएचा नवोदित खेळाडूचा पुरस्कार मिळाला. तोवर स्कर्टच्या लांबीवर वाद घालणारेही जागे झाले होतेच.

२००६ मध्ये पद्मश्री, सोलला मार्टिना हिंगिसवर विजय, आणि दोहा एशियन गेम्समध्ये लिअँडर पेसबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड, सिंगल्सचं सिल्व्हर. २००७ हा सिंगल्सचा सगळ्यात भारी सीझन. अमेरिकेतल्या हार्ड कोर्टवर उन्हाळाभर एकेक सीडेड (मानांकित) खेळाडू गळाला लागत गेली, स्टॅनफर्डला फायनल खेळली (चकवेताद्झेकडून हरली) आणि २७ ऑगस्टला रँकिंग २७, भारतीय बाईसाठी सिंगल्सचा हा आकडा अजून तिचाच आहे.

तिच्या खेळाची गंमत आणि गोची एकच होती. फोरहँडला सगळा जोर मनगटाच्या झटक्यातून यायचा आणि सर्व्हिस मात्र पहिल्यापासून लंगडी, म्हणजे प्रत्येक पॉइंट त्या फोरहँडनेच खेचून आणायचा. ते मनगट २००८ मध्ये बसलं. त्याचं ऑपरेशन झालं, बीजिंग ऑलिम्पिकला पहिल्याच मॅचमधून रिटायर व्हावं लागलं, त्या काळात साधे केस विंचरता येत नव्हते असं तिने नंतर सांगितलं.

२००९ ची सुरुवात मात्र झकास, महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनचं मिक्स्ड, पहिलं ग्रँड स्लॅम. २०१० मध्ये लग्न आणि दिल्ली कॉमनवेल्थचं सिंगल्स सिल्व्हर. २०११ ला रशियाच्या एलेना व्हेस्निनाबरोबर फ्रेंच ओपन डबल्सची फायनल हरली, २०१२ ला तिथेच भूपतीबरोबर मिक्स्ड जिंकली. लगेच लंडन ऑलिम्पिकच्या निवडीचा तमाशा, कोण कोणाबरोबर खेळणार यावर पुरुष खेळाडूंची भांडणं आणि त्यात हिला आमिषासारखं वापरलं गेलं, हे तिने पत्रक काढून स्पष्ट लिहिलं. बरोबरच लिहिलं. याच सुमारास सिंगल्स कायमचं सोडलं.

डबल्समध्ये ती उजव्या म्हणजे ड्यूस बाजूला उभी राहायची, तिथून फोरहँडने रिटर्न ठोकता येतो, अर्धंच कोर्ट पळायचं आणि सर्व्हिस कमी पडली तर नेटजवळची पार्टनर सांभाळून घेते. २०१४ ला ब्रुनो सोआरेसबरोबर यूएस ओपन मिक्स्ड, कारा ब्लॅकबरोबर सिंगापूरला वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स. इंचॉन एशियन गेम्सला साकेत मायनेनीबरोबर मिक्स्डचं गोल्ड आणि आपल्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेबरोबर डबल्सचं ब्राँझ (२०१६ च्या रिओ ऑलिम्पिकलाही या दोघीच उतरल्या, पण पहिल्याच फेरीत बाहेर).

मार्च २०१५ मध्ये हिंगिसबरोबर जोडी जमली आणि पहिल्या तीन स्पर्धा, इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, तिन्ही खिशात. १३ एप्रिलला सानिया डबल्सची नंबर वन, पहिली भारतीय बाई. जुलैमध्ये विम्बल्डनची फायनल, समोर माकारोव्हा आणि व्हेस्निना, तिसऱ्या सेटमध्ये सानिया-हिंगिस २-५ मागे. तिथून ५-५ केलं तोवर अंधार पडायला लागला, खेळ थांबवून छप्पर बंद केलं, लाइट लावले, आणि परत येऊन पुढचे दोन्ही गेम घेतले. ५-७, ७-६, ७-५. ही मॅच कधी सापडली तर शेवटचा अर्धा तास तरी बघाच. पुढे यूएस ओपन, सिंगापूर, २०१६ चं ऑस्ट्रेलियन ओपन, सलग ४१ मॅच हरल्याच नाहीत, ती माळ फेब्रुवारीत दोह्याला तुटली. खेलरत्न, पद्मभूषण याच काळातले. ऑगस्ट २०१६ मध्ये जोडी फुटली आणि त्याच महिन्यात सिनसिनाटीच्या फायनलला सानियाने नव्या पार्टनरबरोबर हिंगिसलाच हरवलं. रिओला रोहन बोपन्नाबरोबर मिक्स्डचं ब्राँझ थोडक्यात हुकलं, चौथा नंबर.

रँकिंगमध्ये मागच्या ५२ आठवड्यांचे पॉइंट धरतात, जुने गळत जातात. म्हणून २०१७ च्या जानेवारीत ब्रिस्बेन जिंकूनही तिचा नंबर वन गेला, आणि गेला कोणाकडे, तर तिथे तिच्याबरोबरच जिंकलेल्या अमेरिकेच्या बेथनी मॅटेक-सँड्सकडे. एकूण ९१ आठवडे ती टॉपवर होती.

पुढे गुडघ्याची दुखापत, ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला, दोन वर्षं टेनिस नाही. जानेवारी २०२० ला होबार्टला परतली आणि पहिलीच स्पर्धा जिंकली. टोकियो ऑलिम्पिकला अंकिता रैनाबरोबर पहिल्या फेरीत बाहेर. सप्टेंबर २०२१ ला ऑस्ट्रावाला ४३ वं आणि शेवटचं डबल्स टायटल.

२०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला मिक्स्डची फायनल, बाजूला बोपन्ना, चौदाव्या वर्षी तिचा पहिला मिक्स्ड पार्टनर तोच होता. हरले. फेब्रुवारीत शेवटची स्पर्धा दुबईला, मॅडिसन कीजबरोबर पहिल्याच फेरीत ४-६, ०-६. अठरा वर्षांपूर्वी कुझ्नेत्सोव्हाला हरवलं होतं ती हीच स्पर्धा.